कारण आणि त्याचे सोबती

पुणे-नाशिक मार्गावरील कळंब गावी एक पाहणी झाली, अशी क्षणभर कल्पना करावी. ज्या गर्भवतींनी फोलिक ॲसिडच्या गोळ्या नियमाने घेतल्या, त्यांची बाळे अधिक वजनाची निघाली. हा गुण गोळीचा म्हणावा काय? नियमाने गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया बहुधा सुस्थितीतील घरच्या. त्यांना दूधदुभते आणि विश्रांतीही अधिक. सुखवस्तू व गरीब घरे वेगळी मांडताच दोन्हींकडे गोळीचा फरक नाहीसा झाला, तर श्रेय सुस्थितीचे होते आणि ते चुकून गोळीस मिळाले, असे ठरते. साथरोगशास्त्रात या घोटाळ्यास ‘कन्फाउंडिंग’ म्हणतात. तो हिशेबातला दोष होय. तो काढूनच टाकावयाचा.

परंतु गट वेगळे मांडल्यावर एकात परिणाम ठळक आणि दुसऱ्यात नाममात्र दिसला तर? तो दोष नव्हे, तो निसर्गाचाच व्यवहार. त्याला परिणामभेद म्हणावे.

याचे खरे उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींची पाहणी आरंभिली. सुमारे दोनतृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते; फोलेटची उणीव मात्र जवळजवळ कोणासच नव्हती. पुढे त्यांची मुले सहा वर्षांची झाल्यावर तपासली गेली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्या मातांत फोलेट अधिक पण ब-१२ उणे, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे मधुमेहाकडे नेणारी, प्रवृत्ती सर्वांत अधिक होती. ब-१२ हा केवळ संभ्रम मानून सर्व मातांची एकच सरासरी काढली असती, तर आकडा सुबक मिळाला असता; काळजी कोणत्या मातेची करावी, हे मात्र त्यात बुडून गेले असते.

म्हणून कोणी गोळ्या फेकून देऊ नयेत. बाळाच्या मज्जारज्जूचे जन्मजात दोष फोलिक ॲसिडने टळतात, हे सिद्ध आहे. प्रश्न आहे तो सोबत ब-१२ पुरेसे आहे की नाही, एवढाच.

शिवाय नुसत्या पाहणीत संभ्रमाची शंका पुरती फिटत नाही. यास्तव वयात आलेल्या त्याच मुलामुलींना ब-१२ देण्याचा प्रयोग २०१२ साली सुरू झाला. कोणाला कोणती गोळी मिळावी, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविले गेले. अशा वाटणीत सुस्थिती आणि गरिबी सर्व गटांत सारखी विखुरते, आणि संभ्रम ओसरतो. परिणामभेद मात्र चिठ्ठीने जात नाही. तो पुन्हा गट पाडूनच शोधावा लागतो.