लघवीचा रंग डॉक्टरांना कोण सांगणार?

हिवतापाच्या गोळ्या सुरू झाल्या की घरचं निदान ठरलेलं असतं: ‘गोळ्या गरम पडल्या.’ मळमळलं, चक्कर आली, पोटात मुरडा आला, सगळ्याला कारण एकच. मग ताक, सब्जा, आणि उरलेल्या गोळ्या फडताळात. यातला बराच त्रास खरोखर किरकोळ असतो. क्लोरोक्विनने मळमळतं, काहींच्या अंगाला खाज सुटते. प्रायमाक्विन उपाशीपोटी घेतलं तर पोटात कळा येतात. जेवून गोळी घ्यावी, एवढाच त्यावर उपाय. पण त्याच ‘गरम पडण्या’खाली कधीतरी जिवावर बेतणारी गोष्टही झाकली जाते.

व्हायवॅक्स जातीच्या हिवतापात क्लोरोक्विन तीन दिवस देतात. त्याने रक्तातले परजीवी मरतात, यकृतात दडून बसलेले मरत नाहीत, आणि काही महिन्यांनी तोच ताप परत येतो. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन, रोज, १४ दिवस. अडचण अशी, की ज्यांच्या अंगात जी-६-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू लागतात. अमेरिकी संशोधकांनी १९५६ साली हे कारण शोधलं. आपल्याकडे ही उणीव पारशी समाजात बरीच आढळते, पण फक्त तिथेच नाही. तिच्या एका प्रकाराला चक्क कल्याणचं नाव आहे. १९८४ साली एका कोळी कुटुंबातल्या तपासणीवरून त्याची नोंद झाली. मुलग्यांना हा दोष आईकडून येतो आणि त्यांनाच तो जास्त जाणवतो.

पेशी फुटू लागल्या की लघवी काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात, धाप लागते, ओठ निळसर दिसतात. अशा वेळी प्रायमाक्विन लगेच थांबवून डॉक्टर गाठायचा, असं राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाच सांगतात. गर्भवतीला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला हे औषध देतच नाहीत. जी-६-पीडीची तपासणी मात्र प्रत्येक गावात होत नाही. म्हणजे धोक्याची पहिली खूण दिसते ती रुग्णालाच, घरी. गडचिरोलीच्या पाड्यावर पहाटे अंधारात बाहेर जाणाऱ्याला तीही दिसत नाही. नव्या सुनेने हे कुणाला सांगायचं, हा आणखी वेगळा प्रश्न. औषधशास्त्राच्या पुस्तकांत या अडचणींना जागा नसते.

म्हणून माझ्या मते सगळ्यात मोलाची भेट तिसऱ्या-चौथ्या दिवसाची. ताप उतरलेला असतो, माणूस कामाला लागलेला असतो, गोळ्या मात्र बाकी असतात. बोटातून रक्त घेऊन गोळ्या देणाऱ्या आशाताईने त्या दिवशी दारात उभं राहून ‘गोळ्या घेताय ना?’ एवढंच विचारलं तर ‘हो’ हेच उत्तर येणार. लघवीचा रंग स्पष्ट विचारावा लागतो, आणि तो उजेडात पाहायला आधीच, पहिली गोळी हातावर ठेवतानाच, सांगावं लागतं. तोंड कडू होणं आणि लघवी काळी होणं यांतला फरकही तेव्हाच सांगायचा. नाहीतर कडू तोंडाला घाबरून गोळ्या सुटतात आणि पावसाळा संपता संपता तोच रुग्ण पुन्हा थंडीने कुडकुडत येतो.

आता नोंदीचं. डॉक्टरांनी औषध थांबवलं, रुग्ण सावरला, की बहुतेकांच्या लेखी विषय संपतो. प्रत्यक्षात गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे देशभरातल्या दुष्परिणामांची नोंद होते आणि ती कुणीही करू शकतं. रुग्ण, नातेवाईक, परिचारिका, मेडिकलवाला. ग्राहकांसाठीचा अर्ज मराठीतही आहे. १८००-१८०-३०२४ हा क्रमांक निःशुल्क आहे. त्रास औषधानेच झाला हे सिद्ध करावं लागत नाही, संशय पुरे. अर्जात पूर्ण नाव नाही, आद्याक्षरं लागतात. इथल्या नोंदी पुढे स्वीडनमधल्या उप्साला इथल्या जागतिक संग्रहात जातात. एका नोंदीने काही ठरत नाही. पण एकाच भागातून तशाच चार आल्या, तर तिथे जी-६-पीडीची तपासणी आधी न्यायची, की औषधाचा तो साठा तपासायचा, हे कुणीतरी विचारू शकतं. साठ्याचा क्रमांक गोळ्यांच्या पाकिटावर असतो, आणि गोळ्या देताना आपण पाकीट कापून चार-चार गोळ्या रुग्णाच्या हातावर ठेवतो. निदान एक तुकडा क्रमांकासकट रुग्णाच्या कार्डाला टाचला, तरी अर्जातला तो रकाना रिकामा राहणार नाही.