सात तासांचा हिशोब

सातपूर एमआयडीसीत सेकंड शिफ्ट रात्री अकराला सुटते. गेटबाहेर दुचाक्यांची झुंबड उडते आणि पाच-दहा मिनिटांत रस्ता पुन्हा मोकळा होतो. त्या झुंबडीत एक जण युनिफॉर्मवर चकाकत्या पट्ट्यांचं जाकीट चढवून सायकलचे दिवे तपासत होता. सगळे घरी निघालेले असताना हा चांदवडला निघालाय, पहाटेपर्यंत परत येणार आहे, हे कळलं आणि मला राहवेना. चांदवड नाशिकपासून साधारण ६५ किलोमीटरवर. पुढच्या वेळी मेहुण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मीही निघालो.

तो सीएनसी मशीनवर ऑपरेटर आहे. तयारी चालली आहे ४०० किलोमीटरच्या बीआरएमची, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकलफेरीची. ही शर्यत नव्हे, तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांप्रमाणे ठरलेल्या मुदतीत अंतर पुरं करायचं, वाटेतल्या कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या ठिकाणी, कार्डावर शिक्का घ्यायचा, नाहीतर पेट्रोल पंपाची किंवा एटीएमची वेळ छापलेली पावती जपून ठेवायची. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. चारही अंतरं एकाच हंगामात झाली की माणूस ‘सुपर रँडोनियर’ होतो. घड्याळ एकदा सुरू झालं की पंक्चर, जेवण, झोप सगळं त्याच मुदतीत.

“वीसच्या स्पीडनं चालवली तर वीस तास सायकलवर जातात. उरले सात,” तो म्हणाला. “मी त्या सात तासांची प्रॅक्टिस करतोय, सर. सायकल काय, रोजच चालते.”

ती खरंच रोज चालते. घर आडगावला, कंपनी सातपूरला. जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर कामाच्या निमित्तानेच होतात. सुट्टी असली की कसारा घाट. वेगळा वेळ काढायची सोयच नाही, कारण शिफ्ट दर आठवड्याला बदलते. नाशिकला लांबच्या सायकलिंगचं वेड नवं नाही. इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी, जवळपास ४,८०० किलोमीटरची ‘रॅम’ शर्यत दोघांच्या संघाने पुरी केली. २०१७ मध्ये लष्करातले डॉ. श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने पार केली. चौघेही डॉक्टर. त्यांच्याबद्दल तो फार आदराने बोलतो. पण त्याच्या मोबाइलमध्ये असलेला सरावाचा तक्ता पहाटे पाचला उठणाऱ्या माणसासाठी बनवलेला आहे, आणि तीन आठवड्यांतून एकदा पहाटे पाचला हा मशीनसमोर उभा असतो. म्हणून सेकंड शिफ्टचा आठवडा आला की सुट्टीच्या आदल्या रात्री अकरानंतर तो रस्ता धरतो. त्याला एवढीच फट सापडली आहे.

चांदवडचा रस्ता त्याच्या घरावरूनच जातो. आडगावच्या वळणावर बायको उभी होती, स्वेटरवर शाल, हातात डबा आणि थर्मास. युनिफॉर्मची पिशवी तिने घेतली, डबा दिला, मागचा दिवा लागतोय का ते वाकून पाहिलं. “दिवा कमी वाटतोय. दुसरा लावा ना.” त्याने दुसरा लावला. मुलगी घरात झोपली होती म्हणून ती लगेच वळली. जाता जाता मला म्हणाली, “त्यांचं सगळं कार्डावर लिहिलेलं असतं बघा भाऊ, किती वाजता कुठं पोचले ते. उद्या दुपारपर्यंत हे झोपणार. पोरीला घेऊन मी बाहेरच फिरते तोवर, घरात आवाज नको म्हणून.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. माझ्या मनातून मात्र ते वाक्य गेलं नाही. बीआरएमच्या कार्डावर एकाच माणसाचं नाव असतं, आणि हे अपुरं आहे, असं मला ठामपणे वाटतं.

ओझर मागे पडलं आणि थंडी हाडात शिरली. जानेवारी होता, आणि हा निफाड तालुका, जिथला पारा दर हिवाळ्यात बातमीत येतो. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे हवेत कांद्याचा वास दाटला. सकाळच्या लिलावासाठी लाल कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रीच येऊन थांबतात, आणि कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. उभी ट्रॉली सायकलच्या उजेडात येते तेव्हा अंतर वीस-पंचवीस फूट उरलेलं असतं. हेल्मेटवरचा दिवा त्यासाठीच आहे, मान वळेल तिकडे वळतो. एका ट्रॉलीवर कांद्याच्या ढिगावर घोंगडी ओढून शेतकरी झोपला होता. “बघा, यांना कशी लागते झोप,” तो म्हणाला. त्या आवाजात हेवा होता.

रात्री दोन ते पाचच्या दरम्यान शरीर झोपेसाठी हटून बसतं. शरीराचं तापमानही पहाटेच उतरतं. पायडल चालू असतानाच डोळा लागतो, सेकंद-दोन सेकंद, आणि हायवेवर तेवढं पुरतं. चांदवडला पेट्रोल पंपावर त्याने पावती घेतली, नुसत्या सवयीसाठी. मग धाब्याच्या ओट्यावर बसून राजगिऱ्याचा लाडू फोडला, अर्धा मला दिला. लाडवाला मशीनच्या कूलंटचा वास येत होता. साबणाने दोनदा हात धुऊनही तो जात नाही, असं तोच म्हणाला. नंतर कडक चहा एका दमात संपवून, मोबाइलवर पंधरा मिनिटांचा गजर लावून तो आडवा झाला. चहाचा अंमल चढायला वीसेक मिनिटं लागतात, तेवढ्यात डुलकी काढायची. हाच त्याचा खरा सराव. पूर्वी म्हणे अर्धा तास नुसतं पडून राहायला लागायचं. आता दोन मिनिटांत घोरायला लागतो. गजर वाजला तसा उठला, तोंडावर पाणी मारलं, टायर दाबून पाहिले आणि निघाला.

मला त्याचं कौतुक आहे आणि काळजीही तेवढीच. रात्रभर जागलेल्या माणसाने मशीनपुढे उभं राहू नये. तो ते कटाक्षाने पाळतो, रात्रीची सायकल फक्त सुट्टीच्या आदल्या दिवशी. पण ४०० किलोमीटर शनिवारी पहाटे सुरू होऊन रविवारी सकाळी संपणार, आणि त्याच रात्री त्याची थर्ड शिफ्ट लागली आहे. रजा मागितली तर “सायकलसाठी रजा?” एवढंच उत्तर मिळालं.

परतीच्या वाटेवर पिंपळगावला थांबलो तेव्हा त्याने सात तास मला बोटांवर मोजून दाखवले. तीन कंट्रोल आणि जेवण मिळून तीन तास. पंक्चरसाठी एक. दीड तास सलग झोप, ही बायकोची अट. उरलेले दीड हाताशी राखीव. थर्ड शिफ्टचं त्याने परस्पर जमवलं आहे: शेजारच्या मशीनवरचा मित्र ती रात्र करणार, बदल्यात होळीची रात्र हा करणार. बायकोला अजून सांगितलेलं नाही.