वाद, जल्प आणि वितंडा : सामाजिक न्यायाविषयीच्या मराठी वाग्युद्धाचे स्वरूप

सामाजिक न्यायाच्या चळवळींविषयी समाजात मतभेद असणे स्वाभाविक आहे. परंतु मतभेद आणि वैर यांतील अंतर पुष्कळदा दृष्टीआड होते. ते स्पष्ट करण्यास न्यायशास्त्राची परिभाषा उपयोगी पडते. तत्त्वनिर्णयासाठी केलेली चर्चा तो वाद. छलादी साधनांचाही अवलंब करून केवळ जयासाठी केलेली चर्चा तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता परपक्षाचे खंडनच करीत राहणे ही वितंडा होय. समाजमाध्यमांवरील निंदकासाठी मराठी वृत्तपत्रांत अलीकडे रूढ झालेला ‘जल्पक’ हा शब्द या परिभाषेशी चांगलाच जुळतो.

हे वाग्युद्ध मात्र नवे नाही. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली व सत्यशोधक समाज स्थापिला. त्यानंतर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’तून त्यांच्यावर जी टीका केली, तीत फुल्यांच्या भाषेचा व व्याकरणाचा उपहासही होता. येथे विधानाऐवजी वक्त्याची भाषा लक्ष्य झाली. एखाद्याची बोली अशुद्ध ठरविणे म्हणजे त्याचा बोलण्याचा अधिकारच नाकारणे, हे या उदाहरणावरून ध्यानी येते. पुढे ‘सुधारक’ या ज्या शब्दाची टवाळी होत असे, तोच गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये आपल्या पत्राचे नाव म्हणून स्वीकारला. त्यांच्या हयातीतच पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. म्हणजे मताला उत्तर न देता मत मांडणाऱ्यासच मृत ठरविण्यात आले.

कठोर भाषा एकाच पक्षाची होती, असेही नव्हे. १९२५ मध्ये दिनकरराव जवळकरांनी ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकात टिळक व चिपळूणकर यांच्यावर अत्यंत जहाल शब्दांत हल्ला केला. त्यावरून अब्रुनुकसानीचा खटला झाला. १९२६ मधील अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आरोपींची बाजू मांडली व ते निर्दोष सुटले.

अशा भाषेविषयी आज तीन दृष्टी दिसतात. पहिली म्हणते, आधी सौम्य बोला, मग ऐकू. दुसरी म्हणते, पिढ्यान्‌पिढ्या अवमान सोसलेल्याच्या तोंडी मृदू शब्द अपेक्षिणे हाच अन्याय आहे. तिसरीस न्यायाची मागणीच वैर वाटते. यांपैकी पहिली दृष्टी वरकरणी निःपक्षपाती दिसते. तथापि सौम्यतेची किंमत सर्वांना सारखी पडत नाही, हे ती विसरते. उलट दुसरी दृष्टी क्रोधाचे कारण सांगते. पण कारण सांगितल्याने प्रत्येक शिवी युक्तिवाद ठरत नाही.

भाषाव्यवहाराच्या दृष्टीने आजचा खरा बदल अंतराचा आहे. यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीसारख्या गावी बोलणारे एकमेकांस ओळखतात. ‘भाऊ’, ‘काका’, ‘मावशी’ ही संबोधने भांडणातही जिभेला काही आवर घालतात, कारण दुसऱ्या दिवशी त्याच पाराशी गाठ पडायची असते. दूरध्वनीच्या पडद्यावर नाव व नाते दोन्ही गळून पडतात आणि उरते ते केवळ बिरुद. ‘पुरोगामी’ या शब्दातील ‘प’चा ‘फ’ करून बनविलेला ‘फुरोगामी’ हा शब्द याचा नमुना होय. एका वर्णाच्या बदलाने उपहास साधतो. पण कोणते विधान चुकले, हे मात्र तो सांगत नाही. ‘भक्त’ या जुन्या आदरवाचक शब्दाचीही विरुद्ध बाजूकडून हीच गत झाली आहे. दोन्ही शब्द वितंडेचे आहेत.

म्हणून एखाद्या लिखाणाची परीक्षा करताना त्याच्या तिखटपणापाशी थांबणे पुरेसे नाही. त्यात बोलणाऱ्याचा स्वतःचा पक्ष आहे काय, आणि आघात विधानावर आहे की वक्त्याच्या जन्मावर, बोलीवर वा लिंगावर आहे, हे पाहिले पाहिजे. पहिल्या कसोटीस उतरलेला तीक्ष्ण शब्दही वादात सामावू शकतो. दुसऱ्या कसोटीस न उतरलेला गोड शब्दही वैरच असतो.