संस्थेला दाता हवा, पण कोणता?

आजच्या विषयाची चिठ्ठी आली तेव्हा तिच्यावर 'संस्थांनी देणगीदार कसे मिळवावेत' असं लिहिलं होतं. आम्ही त्यात एकच शब्द वाढवून घेतला आहे : 'योग्य' देणगीदार. कारण ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात देणाऱ्यांची वाण नाही. निवृत्त बँकवाले आहेत, शिक्षक आहेत, सकाळी सातची लोकल पकडणारी नोकरदार माणसं आहेत. आणि रेल्वेने किंवा एसटीने दीड-दोन तासांवर शहापूर, मुरबाडचे आदिवासी पाडे आहेत. मग अडतं कुठे?

आमच्याकडे कसं अडलं ते सांगतो. मुलींच्या एका लहान वसतिगृहाचं काम आम्ही काही जण बघतो. एका रविवारी तिथे तीन घरांचे वाढदिवस आले. सकाळी केक, दुपारी श्रीखंड-पुरी, संध्याकाळी पुन्हा केक. रात्री दोन मुलींना उलट्या. आणि त्याच महिन्यात स्वयंपाकाच्या मावशींचा पगार दहा दिवस रखडला होता! तिन्ही घरं सज्जन, मनापासून देणारी. पण पगाराचं त्यांना सांगितलं होतं का? नाही. 'देणगीदाराला पगाराचं काय सांगायचं' असा संकोच. म्हणजे चूक आमची होती.

त्यानंतर आम्ही एक कागद केला. वर 'हवं आहे' : मावशींचा पगार, पावसाळ्याआधी छपराचे पत्रे, दहावीच्या मुलींना गणित-इंग्रजी शिकवायला आठवड्यातून दोन दिवस येणारं माणूस. प्रत्येकापुढे रक्कम किंवा वेळ. आणि खाली 'सध्या नको' : केक, जुने कपडे, रविवारचं जेवण. 'नको' लिहिणं उर्मटपणाचं दिसेल असं आमच्यातल्या काहींना वाटलं. पण त्या तिघांपैकी एका घराने तो कागद वाचून विचारलं, "आजींच्या नावाने वर्षातले दोन महिने मावशींचा पगार आम्ही दिला तर चालेल?" चालेल म्हणजे काय, धावेल.

या भागातली दोन कामं इथे आठवतात. ठाण्यातलं विद्यादान सहाय्यक मंडळ २००८ पासून ग्रामीण भागातल्या गरजू मुलांच्या उच्च शिक्षणाला मदत करतं. तिथे पैशाबरोबर त्या मुलाशी बोलणारा, त्याला वाट दाखवणारा कार्यकर्ताही असतो. म्हणजे ज्याच्याकडे पैसा नाही पण वेळ आहे, तोही तिथे दाताच. दुसरं, डोंबिवलीजवळ खोणी गावातलं अमेय पालक संघटनेचं 'घरकुल'. मतिमंद मुलांच्या पालकांनी एकत्र येऊन उभं केलेलं. आपल्यानंतर मुलाचं काय, या प्रश्नातून निघालेलं काम एका वर्षाच्या देणगीचं नसतं. अशा ठिकाणी कायम निधीला म्हणजे कॉर्पसला देणारा माणूस शोधावा लागतो, आणि 'ही रक्कम कॉर्पससाठी' असं त्याच्याकडून लेखी घ्यावं लागतं. शिक्षणाला देणाऱ्याला चार वर्षांत निकाल दिसतो. आयुष्यभराच्या सांभाळाला निकाल नसतो. दोघांची जातकुळीच वेगळी, एकच पत्रक दोघांना पाठवू नये.

दाते भेटतात कुठे? 'लोकसत्ता'चा 'सर्वकार्येषु सर्वदा' उपक्रम २०११ पासून गणेशोत्सवात चालतो. दरवर्षी दहा संस्थांची ओळख छापून येते, आणि वाचक आवडलेल्या संस्थेच्याच नावाने धनादेश पाठवतो. पुण्यात २००५ साली सुरू झालेलं 'देणे समाजाचे' हे प्रदर्शन पितृपक्षात भरतं. पितरांच्या नावाने काही द्यावं असं जेव्हा मनात असतं, नेमकं तेव्हा. दोन्हीकडे माणूस आधी काम समजून घेतो, मग खिशात हात घालतो. तुमच्या गल्लीतल्या गणपतीतही एक टेबल मांडता येतं. त्यावर हुंडी ठेवू नका, तो गरजेचा कागद ठेवा.

आता थोडं कायद्याचं. कंटाळू नका, जुळणी इथेच फसते. '८०जीची पावती मिळेल' हे आपण सगळ्यांना सांगतो. पण आयकराच्या नव्या प्रणालीत ती सवलत नाही, आणि २०२३-२४ पासून नवी प्रणालीच मूळ धरली जाते. आयटीतल्या तरुण मुलीला ८०जी सांगून काय उपयोग? तिला काम दाखवा. जुन्या प्रणालीत असलेल्या काकांना मात्र सांगा, की दोन हजारांवरची रोख आणि तांदळाची पोती सवलतीत धरत नाहीत. आणि त्यांच्या देणगीचं विवरण आयकर खात्याकडे मे अखेरपर्यंत भरा. ते राहिलं तर त्यांना प्रमाणपत्र मिळत नाही, आणि पुढच्या वर्षी काका दुसरी संस्था बघतात.

दुसरा घोळ परदेशातल्या मुलांचा. डोंबिवलीत ज्या घरातलं कोणीच अमेरिकेत नाही असं घर शोधावं लागेल, हा विनोद तुम्हाला माहीत आहे. मुलाकडे भारतीय पासपोर्ट असेल, तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. पण तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड असूनही ती परदेशी देणगीच. त्यासाठी एफसीआरए नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खातं लागतं. तेव्हा आधी पासपोर्ट विचारा. विचित्र वाटतं, पण विचारा.

सीएसआरबद्दल थोडक्यातच. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक तरी ओलांडणाऱ्या कंपनीलाच तो कायदा लागू. शेजारच्या एमआयडीसीतला लहान कारखानदार यात बसत नाही. त्याच्याकडे सीएसआरचा अर्ज घेऊन गेलात तर तो बावरेल. पत्रे मागितलेत तर कदाचित देईल.

पत्र्यांवरून आठवलं. एक गृहस्थ सगळे पत्रे द्यायला तयार होते. अट एवढीच, की मुलींना रांगेत उभं करून, मागे त्यांच्या नावाचा फलक लावून फोटो काढायचा आणि तो सगळीकडे फिरवायचा. आमच्यात दोन रात्री वाद झाला. 'एका फोटोने काय होतं' म्हणणारेही होते, आणि त्यांचं सगळंच चुकीचं नव्हतं, कारण छप्पर खरंच गळत होतं. शेवटी मुलींनाच विचारलं. त्या नको म्हणाल्या. आम्ही नाही कळवलं. त्या पावसाळ्यात दोन खोल्यांत बादल्या ठेवाव्या लागल्या. पत्रे पुढच्या वर्षी बदलले, अकरा घरांच्या पैशांतून.

त्या अकराही घरांना दर जुलैत आमचा फोन जातो. पैसे मागायला नाही, छप्पर कसं आहे ते सांगायला. त्यातल्या सहांनी नंतर पुन्हा दिलं.

आता प्रश्न घेऊ. ज्यांच्या ट्रस्टची नोंदणीच अजून व्हायची आहे त्यांनी आधी विचारा, त्यांचं काम याच्या आधीचं आहे.