शेजारच्या राज्याचें खारें पाणी

३१ डिसेंबर २०११ रोजीं दुपारीं तीनच्या सुमारास अमेरिकेंतील ओहायो राज्यामधलें यंगस्टाउन हें शहर हादरलें. धक्का फार मोठा नव्हता; त्याची तीव्रता ४ च्या जवळपास भरली. परंतु ज्या गांवाला त्या वर्षापूर्वीं भूकंप म्हणून कांहीं ठाऊकच नव्हतें, त्या गांवाला मार्च महिन्यापासून एकामागून एक हादरे जाणवत होते, आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशीं बसलेला हा हादरा त्या सर्वांत मोठा होता. भूगर्भशास्त्रज्ञांनीं पुढें यंत्रांवरील नोंदी तपासल्या, तेव्हां जानेवारी २०११ पासून फेब्रुवारी २०१२ पर्यंत लहानमोठे मिळून १०९ धक्के मोजले गेले. त्यांचा उगम एका विहिरीच्या आसपास होता. ती विहीर पाणी काढण्यासाठीं खणलेली नव्हती. पाणी पुरण्यासाठीं खणलेली होती. आणि तींत पुरलें जाणारें पाणी बहुतांशीं ओहायोचें नव्हतेंच. तें शेजारच्या पेनसिल्व्हानिया राज्यांतून टाक्यांच्या मोटारींतून येत होतें.

हें पाणी कोठून आलें हें समजण्यास थोडें जमिनीखालीं उतरलें पाहिजे. पेनसिल्व्हानियाच्या मोठ्या भागाखालीं दीडदोन किलोमीटर खोलीवर मार्सेलस नांवाचा पापुद्र्यांचा काळा खडक पसरलेला आहे. सुमारें ३८ कोटि वर्षांपूर्वीं तेथें समुद्र होता. त्याच्या तळाशीं सांचलेल्या गाळाचा हा खडक झाला, आणि गाळांतील जीवद्रव्यापासून उत्पन्न झालेला ज्वलनशील वायु त्या पापुद्र्यांत कोंडून राहिला. तो मोकळा करण्याची युक्ति अशी, कीं आधीं उभें व मग खडकाच्या थरांतून आडवें छिद्र पाडावयाचें, आणि त्यांतून पाणी, वाळू व कांहीं रसायनें प्रचंड दाबानें आंत सोडावयाचीं. दाबानें खडकाला बारीक भेगा पडतात, वाळूचे कण त्या भेगा मिटूं देत नाहींत, आणि वायु वर येऊं लागतो. या क्रियेला तिकडे फ्रॅकिंग म्हणतात. एका विहिरीस दीड कोटि लिटर पाणी सहज लागतें.

घातलेलें पाणी सारें खालीं राहत नाहीं. कांहीं भाग वर परततो, आणि त्याच्या मागोमाग त्या प्राचीन खडकांतलें खारें पाणीही येऊं लागतें. वायु निघत आहे तोंवर तें वर्षानुवर्षें येत राहतें. त्याचा खारटपणा समुद्राच्या पाण्याच्या कित्येक पट, कांहीं ठिकाणीं पांच पटींहूनही अधिक असतो. मिठाच्या जोडीला त्यांत बेरियम, स्ट्राँशियम, ब्रोमाइड असे क्षार असतात, आणि रेडियमही असतें. रेडियमचा जो मुख्य प्रकार त्यांत आढळतो, त्याचा अर्धा अंश नष्ट होण्यास १६०० वर्षें लागतात.

आमटींत मीठ अधिक पडलें तर तें काढून घेतां येत नाहीं, पाणी घालून आमटी पातळ करावी लागते, हें कोणत्याही गृहिणीस ठाऊक आहे. पेनसिल्व्हानियानें आरंभीं हेंच केलें. मात्र पातळ करण्यासाठीं नद्या वापरल्या. वायूच्या विहिरींवरील खारें पाणी नगरांच्या मैलापाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांत नेऊन ओतण्यांत येई. ही केंद्रें मैला कुजवून निवळण्यासाठीं बांधलेलीं. विरघळलेलें मीठ त्यांतून जसें आलें तसें नदींत जाई. २००८ च्या शरदऋतूंत मोनोंगाहेला नदीचें पात्र आटलें आणि तिचें पाणी नियमांत बसणार नाहीं इतकें क्षारयुक्त झालें. पिट्सबर्गच्या परिसरांतील लाखों लोक त्याच नदीचें पाणी पितात. शिवाय पिण्याच्या पाण्यांत जंतुनाशक म्हणून क्लोरिन घातला जातो. पाण्यांत ब्रोमाइड असल्यास त्यांच्या संयोगानें आरोग्यास घातक द्रव्यें तयार होतात. ब्लॅकलिक नांवाच्या ओढ्यावर असें एक शुद्धीकरणकेंद्र होतें. त्याच्या तोंडाशीं सांचलेल्या गाळांत वरच्या अंगाच्या गाळाहून सुमारें २०० पट रेडियम असल्याचें ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलें. तत्पूर्वीं, एप्रिल २०११ मध्यें, पेनसिल्व्हानियाच्या सरकारनें वायु काढणाऱ्यांना सांगितलें होतें कीं १९ मेपासून असें पाणी त्या १५ केंद्रांकडे धाडूं नये.

नदीचें दार मिटलें. पाणी मात्र येतच राहिलें. खोल खडकांत तें पुरण्याच्या विहिरी पेनसिल्व्हानियांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. ओहायोंत त्या दोनशेंच्या घरांत होत्या. ओहायोचा खडक त्या कामीं अधिक सोयीचा, आणि परवानेही ओहायोचें सरकार स्वतःच देतें. पेनसिल्व्हानियांत ते मध्यवर्ती सरकारकडून मिळवावे लागतात. तेव्हां मोटारी पश्चिमेकडे वळल्या. २०११ सालीं ओहायोच्या विहिरींत गेलेल्या पाण्यापैकीं निम्म्याच्या आसपास पाणी परराज्यांतलें होतें.

येथें एक विचित्र गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. कारखान्यांतून निघणारा विषारी माल अमेरिकेंत कडक कायद्याखालीं येतो. त्याच्या प्रत्येक खेपेबरोबर लेखी नोंद ठेवावी लागते. परंतु तेल व वायु काढतांना निघालेली घाण या कायद्याबाहेर ठेवावी, असा निर्णय मध्यवर्ती पर्यावरण खात्यानें १९८८ सालीं दिला. तिच्यांत काय आहे हें पाहून हा निर्णय लागू होत नाहीं. ती कोठून निघाली एवढेंच पाहिलें जातें. राहतां राहिला १९७४ चा पिण्याच्या पाण्याच्या रक्षणाचा कायदा. पाणी पुरण्याच्या विहिरी त्याखालीं येतात, पण त्याची सारी दृष्टि गोड्या पाण्याच्या झऱ्यांवर आहे. खालचा खडक सरकेल कीं काय, हा प्रश्न त्या कायद्याच्या मुळाशीं नाहीं.

वास्तविक हा प्रश्न नवा नव्हता. १९६२ सालीं डेन्व्हरजवळ लष्कराच्या एका रासायनिक कारखान्याचें सांडपाणी ३,६०० मीटरांहून खोल विहिरींत सोडूं लागले, आणि थोड्याच काळांत शहराला धक्के बसूं लागले. १९६६ मध्यें काम थांबविलें, तरी सर्वांत मोठे धक्के त्यानंतर, १९६७ सालीं बसले. खडकांतील जुन्या भेगेच्या दोन बाजू परस्परांवर दाबलेल्या असतात म्हणूनच ती भेग स्थिर असते. तींत दाबाखालीं पाणी शिरलें कीं तें त्या बाजूंना किंचित् दूर सारतें, पकड सैल होते, आणि सांचलेला ताण सुटतो. पाणी सोडणें थांबविलें तरी आंत गेलेला दाब पसरत राहतो. यंगस्टाउनमध्यें नेमकें असेंच घडलें: विहीर ३० डिसेंबरला बंद करण्यांत आली, आणि मोठा धक्का दुसऱ्या दिवशीं बसला.

यानंतर ओहायोच्या सरकारनें २०१२ सालीं नियम कडक केले. विहीर खणण्यापूर्वीं भूस्तरांची पाहणी मागतां येऊं लागली, दाबावर सतत नजर ठेवण्यांत येऊं लागली, आणि सर्वांत खालच्या प्राचीन पायाभूत खडकांत छिद्र नेण्यास बंदी झाली. परंतु लोकांची मागणी याहून सरळ होती. दुसऱ्या राज्याचें पाणी आमच्या गांवाखालीं पुरूं नका, एवढेंच त्यांचें म्हणणें. मागणी सरळ खरी, पण ती अमेरिकेच्या राज्यघटनेवर येऊन आदळते.

त्या घटनेनें राज्याराज्यांमधील व्यापाराचें नियमन मध्यवर्ती विधिमंडळाकडे सोंपविलें आहे. न्यायालयांनीं त्यावरून असा अर्थ काढला कीं कोणत्याही राज्यानें परराज्याच्या मालाला केवळ परका म्हणून अडवूं नये. हा नियम मूळ धान्य, दूध, कापड अशा वस्तूंसाठीं. कचरा हा माल आहे काय? न्यू जर्सीला वाटलें, नाहीं. फिलाडेल्फियाचा कचरा आपल्या हद्दींत येऊं नये म्हणून त्या राज्यानें १९७३ सालीं कायदा केला. सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं तो रद्द ठरविला. कचऱ्यापासून धोका असेल तर तो स्वतःच्या कचऱ्यापासूनही आहे. अमुक ठिकाणाहून आला एवढ्यानें तो अधिक घातक होत नाहीं, असा त्या निर्णयाचा आशय. पुढें अलाबामानें परराज्यांतील विषारी मालावर टनामागें ७२ डॉलरांचा जादा कर बसविला, तोही १९९२ मध्यें गेला. ओरेगॉननें स्वतःच्या कचऱ्याला ८५ सेंट व बाहेरच्याला सव्वादोन डॉलर असा भेद केला. १९९४ मध्यें तोही टिकला नाहीं.

या तर्कांत तथ्य नाहीं असें नाहीं. प्रत्येक राज्यानें दार लावलें तर घाण नाहींशी होत नाहीं. ती रात्रीं ओढ्यांत ओतली जाते. २०१३ च्या जानेवारींत खुद्द यंगस्टाउनमध्यें एका व्यवसायिकानें असें खारें पाणी नोकरांकडून पावसाळी गटारांत सोडविलें आणि तें माहोनिंग नदींत गेलें. त्याला २८ महिन्यांची शिक्षा झाली. परंतु वायूचें भाडें व कर एका राज्याला मिळावे आणि हादरे दुसऱ्यानें सोसावे, ही वांटणी न्यायाची म्हणवत नाहीं. घटनेच्या भाषेंत या तक्रारीला जागा नाहीं, हेंच तिचें दुर्दैव.

म्हणून राज्यांना आडवाटा शोधाव्या लागल्या. ओहायोचा कर पाहण्यासारखा आहे. विहीर ज्या विभागांत आहे त्या किंवा त्याच्या लगतच्या विभागांत निघालेल्या पाण्यावर पिंपामागें ५ सेंट, इतर पाण्यावर २० सेंट. 'परराज्य' हा शब्द त्यांत कोठेंच नाहीं! कायदा लिहिणाराची लेखणी सावध होती यांत शंका नाहीं. पण एक पिंप म्हणजे सुमारें १५९ लिटर, आणि एवढ्या पाण्यावर २० सेंटांनीं कोणाची मोटार परत फिरेल असें वाटत नाहीं.

न्यू जर्सीच्या विधिमंडळानें २०१२ मध्यें फ्रॅकिंगच्या सांडपाण्यास मनाई करणारा ठराव पुनः संमत केला. राज्यपालांनीं तो नाकारला, आणि कारण दिलें तें तेंच व्यापाराचें कलम. राज्यांत फ्रॅकिंग होतच नसल्यानें ही बंदी केवळ परक्यांवर पडेल, असें त्यांचें म्हणणें. व्हरमाँटनें मात्र त्याच वर्षीं फ्रॅकिंग आणि त्याचें सांडपाणी सांठविणें व शुद्ध करणें हीं दोन्ही एकत्रच बंद केलीं. जें स्वतःला वर्ज्य तेंच इतरांना वर्ज्य. कनेक्टिकटनें २०१४ मध्यें तात्पुरती आणि २०१९ मध्यें कायमची बंदी घातली. डेलावेअर नदीच्या खोऱ्यासाठीं चार राज्यें व मध्यवर्ती सरकार यांचें संयुक्त मंडळ १९६१ पासून आहे. त्यानें २०२१ मध्यें खोऱ्यांत फ्रॅकिंगला, आणि डिसेंबर २०२२ मध्यें त्याचें सांडपाणी खोऱ्यांत सोडण्यास मनाई केली. न्यू जर्सीला एकटें राहून जें साधलें नाहीं, तें त्या खोऱ्यापुरतें तरी शेजाऱ्यांबरोबर बसून साधलें.

परक्या घाणीला उघडपणें 'नाहीं' म्हणण्याची एक वाट मात्र घटनेंतच आहे. मध्यवर्ती विधिमंडळानें परवानगी दिली तर राज्यें आपसांत करार करून बाहेरचा माल अडवूं शकतात. सौम्य किरणोत्सर्गी कचऱ्याच्या बाबतींत १९८० सालीं अशी परवानगी मिळाली, आणि केंटकी व इलिनॉय यांचा करार तिच्याखालीं झाला. तरीही २०१५ सालीं बाहेरच्या राज्यांतील तेल-वायूच्या विहिरींवरील सांडपाणी आटवून उरलेला किरणोत्सर्गी गाळ केंटकीच्या एस्टिल परगण्यांतील एका साध्या कचरापट्टींत येऊन पडला. रस्त्यापलीकडे मुलांच्या शाळा होत्या. राज्याला पत्ता लागला तो माल पुरला गेल्यावर. खणून परत धाडावा तर धूळ उडणार आणि तो पुनः कोणाच्या तरी रस्त्यानें जाणार. तेव्हां बऱ्याच वादानंतर तो आहे तेथेंच झांकून ठेवावा असें ठरलें.