अंगालगतचं कापड: आरोग्याचं, पाण्याचं आणि मानाचं

कळंबचा असो, उमरग्याचा असो की परंड्याचा, आठवडी बाजारात भाजी घेताना आपली बाई चार ठिकाणी भाव विचारते, भेंडी मोडून बघते. तीच बाई निकर किंवा बॉडी घ्यायला गाड्यासमोर आली की मान खाली घालते. विकणारा पुरुष असतो, आजूबाजूला गावचे लोक असतात. माप न सांगता, कापड न चाचपता, हाताला येईल ते पिशवीत टाकून ती निघते. घरी आल्यावर कळतं, इलॅस्टिक काचतंय, कापड नायलॉनचं आहे. पण बदलून आणणार कोण? मग तेच वर्षभर ओढलं जातं.

लाजेचा विषय म्हणून आपण यावर बोलत नाही. वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला जमणाऱ्या माता-भगिनींनी एक दिवस तरी यावर बोलावं, यासाठी हा लेख.

तथागतांना हा विषय वर्ज्य नव्हता

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्खुनींच्या नियमांचं एक प्रकरण आहे. पाळीच्या दिवसांत भिक्खुनींची अडचण होते, हे भगवंतांच्या कानावर घातलं गेलं. त्यांनी त्यासाठी वेगळ्या कापडाची परवानगी दिली. ते कापड जागेवर राहीना, तेव्हा दोरीने बांधायची परवानगी दिली. दोरी तुटू लागली, तेव्हा लंगोटासारखं वस्त्र आणि कमरेचा गोफ वापरायला सांगितलं. कुठेही विटाळाची भाषा नाही. अडचण समजून घेतली आणि उपाय केला, एवढंच.

त्याच चुल्लवग्गात भन्ते आनंद आणि राजा उदेन यांचा संवाद आहे. राणीवशातल्या स्त्रियांनी आनंदांना पाचशे चीवरं दान दिली. एवढ्या वस्त्रांचं काय करणार, असं राजाने विचारलं. ज्यांची चीवरं जीर्ण झाली त्यांना देऊ, असं आनंद म्हणाले. मग जुन्या चीवरांचं काय? अंथरुणावरची चादर. जुन्या चादरींचं? गादीची खोळ. तिचं पुढे जमिनीवरचं अंथरूण, त्याचं पायपुसणं, त्याचं फडकं, आणि फडकं फाटलं की चिखलात मळून जमीन सारवायची. आज शहरांत ज्याला शाश्वत वापर म्हणतात, तो आपल्या धम्मात अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेला आहे. आपल्या आज्याही जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवतच होत्या.

घाम, ओल आणि खाज

नायलॉन-पॉलिस्टरचं कापड घाम शोषत नाही. जांघेत, छातीखाली ओल साचते आणि तिथे बुरशी वाढते. तोच नायटा, तेच गजकर्ण. मग लाजेपोटी दवाखाना टाळून मेडिकलमधून ट्यूब आणली जाते. अशा अनेक मलमांत स्टेरॉईड मिसळलेलं असतं. चार दिवस खाज थांबते, नंतर नायटा जास्त पसरतो, कातडी पातळ होते आणि औषधाला दाद देईनाशी होते. घरात एकाला झालं की एकाच टॉवेलमुळे सगळ्यांना होतं. हे पुरुषांनाही तितकंच लागू आहे.

आपल्या जिल्ह्यात यात पाण्याची भर पडते. टँकरच्या दिवसांत आधी प्यायला, मग जनावरांना, मग भांड्यांना. बाईचे आतले कपडे सगळ्यात शेवटी. ते अर्धवट खळबळले जातात आणि कुणाला दिसू नयेत म्हणून साडीखाली, कोपऱ्यात, अंधारात वाळत घातले जातात. ते धड वाळतही नाहीत. दसऱ्या-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या भगिनींचे हाल तर विचारू नका. पहाटेपासून फडात, राहायला कोपी, ना न्हाणीघर ना संडास.

साध्या तक्रारीतून पिशवी काढण्यापर्यंत

थोडं पारदर्शक किंवा पांढरट पाणी जाणं नैसर्गिक आहे. पण दह्यासारखं घट्ट पाणी आणि खाज, घाण वास, पिवळा-हिरवा रंग, ओटीपोटात दुखणं ही संसर्गाची लक्षणं आहेत. बहुतेक वेळा साध्या गोळ्यांनी हे बरं होतं. काही संसर्गांत नवऱ्यानेही औषध घ्यावं लागतं. खाज पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासावी.

हे वेळेवर झालं नाही की काय होतं, ते शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखवलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. पांढरं पाणी, पोटदुखी, पाळीत बुडणारी मजुरी आणि कॅन्सरची भीती यांतून अनेक तरुण बायका ऑपरेशनच्या टेबलावर गेल्या. कमी वयात पिशवी आणि सोबत अंडाशय काढलं की हाडं ठिसूळ होतात, अंगाची आग होते. कपडा हे यामागचं एकमेव कारण नाही, मोठं कारणही नाही. पण आजपासून आपल्या हातात असलेलं ते कारण आहे.

हे कापड शिवतं कोण, उचलतं कोण?

आपल्या बाजारातल्या बनियन, निकरांचा मोठा वाटा तमिळनाडूतल्या तिरुप्पूरहून येतो. तिथल्या रंगाईच्या पाण्याने नोय्यल नदी नासली, शेती बुडाली. अखेर मद्रास उच्च न्यायालयाने २०११ मध्ये रंगाई कारखाने बंद करायला लावले. सांडपाणी पूर्ण शुद्ध करा, मगच चालवा, अशी अट आली.

कारखान्यांत राबणाऱ्या मुली कोण? तमिळनाडूच्या सूतगिरण्यांत ‘सुमंगली’ नावाच्या पद्धतीने हुंड्यापुरती रक्कम शेवटी देऊ असं सांगून तरुण मुलींना तीन-तीन वर्षं अडकवून ठेवलं जाई. त्यांत दलित मुली मोठ्या संख्येने होत्या. दिंडीगुल भागात २०२१ मध्ये एका दलित कामगार तरुणीचा खून झाला. त्यानंतर तिथल्या महिलांच्या नेतृत्वाखालील कामगार संघटनेने लढा दिला आणि २०२२ मध्ये लैंगिक व जातीय छळ रोखणारा करार कंपनीकडून करून घेतला. ‘संघटित व्हा’ या बाबासाहेबांच्या शिकवणीचा अर्थ हाच.

वापरून झाल्यावर हे कापड जातं कुठे? पॉलिस्टर आणि इलॅस्टिक कुजत नाही. चुलीत घातलं तर विषारी धूर आपल्याच छातीत जातो. शहरात ते कचऱ्यात जातं आणि तो कचरा उचलणारे हात बहुतांश आपल्याच समाजाचे असतात. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून पुण्याला गेलेल्या कितीतरी बायांनी कचरा वेचून घर चालवलं. पुण्यातल्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक भगिनींनी नागरिकांना सांगितलं, वापरलेले पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका द्या, म्हणजे आमचे हात त्यात जाणार नाहीत. आपण एवढं तरी पाळावं.

आपण काय करायचं?

* सुती कापड घ्या. बाहेरून लेस असली तरी आतला थर सुती हवा. फार घट्ट नको, रात्री सैल.
* एकीकडे किमान चार-पाच निकर हव्यात. एक महागडी घेण्यापेक्षा चार साध्या सुती बऱ्या.
* रोज बदला, घाम जास्त आला तर दिवसातून दोनदा. आतले कपडे साबणाने धुऊन चांगले खळबळा; पाणी कमी असेल तेव्हा दुसऱ्या कपड्यांत कपात करा, यांत नको.
* उन्हात उघडे वाळवा. आपल्याकडे पाणी कमी असेल, ऊन कमी नाही. कुणाच्या नजरेपेक्षा आपलं अंग मोठं आहे.
* पाळीसाठी कापड वापरत असाल तर तेही सुती, धुतलेलं, उन्हात वाळवलेलं असावं. दर चार-सहा तासांनी बदलावं.
* आतून साबण, डेटॉल काही वापरू नका. बाहेरून साधं पाणी पुरे.
* इलॅस्टिक सैल झालं तर नवं ओवा. कापड विरलं की सुती भागाचं फडकं करा.
* त्रास असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा सरकारी दवाखान्यात जा. तिथे तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात. तिशीनंतर गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्या.
* पिशवी काढायला सांगितली तर घाई नको. सोनोग्राफीचा कागद मागून घ्या आणि सरकारी स्त्रीरोगतज्ज्ञांचं दुसरं मत घ्या.

आणखी एक काम विहारातल्या महिला मंडळांनी करण्यासारखं आहे. गावात शिलाई मशीन चालवणाऱ्या भगिनी असतात. चांगलं होजिअरीचं सुती कापड एकत्र आणून त्यांच्याकडून मापाने निकर शिवून घेतल्या, तर लाज वाचेल, कपडा टिकेल आणि पैसा गावातच राहील.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना जातीची खूण सांगणारी नेसण आणि जड दागिने टाकून द्यायला सांगितलं, स्वच्छ राहायला सांगितलं. त्या वेळी आपल्या आज्या-पणज्यांनी लुगडं नेसायची पद्धत तिथल्या तिथे बदलली. वरचा कपडा त्यांनी मानाचा केला. आतला कपडा मानाचा करणं आपल्याकडे राहिलं आहे. पुढच्या बाजारात मान वर करून माप सांगा.

नमो बुद्धाय, जयभीम!