चालताना दाब वाढतो, मग उतरतो कसा?

घरातल्या कुणाचा रक्तदाब १४५/९२ निघाला, की शेजारीपाजारी सल्ला देतात, ‘आता दगदग नको, पडून राहा.’ डॉक्टर मात्र म्हणतात, ‘रोज भरभर चाला.’ विद्यार्थी मित्रहो, ऐकणाऱ्याने गोंधळून जावे असेच हे आहे. कारण भरभर चालताना रक्तदाब वाढतो, हे अगदी खरे. १२० चा वरचा आकडा १६० पर्यंत सहज जातो. मग दाब वाढवणाऱ्या गोष्टीने दाब उतरावा कसा?

उत्तर शोधायला तुमच्या पुस्तकातला ओहमचा नियम पुरेसा आहे. हृदय म्हणजे विद्युतघट, रक्ताचा प्रवाह म्हणजे धारा आणि रक्तवाहिन्यांचा अडथळा म्हणजे रोध असे समजा. दाब = प्रवाह × रोध. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते. त्याचा सरासरी दाब पाऱ्याच्या ९३ मिलिमीटर उंचीइतका असतो. धावताना प्रवाह १५ लिटर होतो. रोध तोच राहिला, तर दाब २८० व्हायला हवा! प्रत्यक्षात सरासरी ११० च्या आसपासच राहते. खालचा आकडा तर फारसा हलतही नाही. म्हणजे रोध निम्म्याहूनही कमी झाला. पायांच्या स्नायूंतील बारीक रोहिण्या (धमन्या) रुंदावल्या, हे त्याचे मुख्य कारण.

येथे प्वाझय या फ्रेंच वैद्याची आठवण होते. १८२८ साली त्याने पाऱ्याच्या नळीने रोहिणीतला दाब मोजला. पुढे केसासारख्या काचनळ्यांतून पाणी सोडून त्याने दाखवले, की प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. चौथ्या! त्रिज्या दुप्पट केली, तर रोध सोळावा हिस्सा उरतो. (रक्त म्हणजे पाणी नव्हे आणि रोहिणी म्हणजे काचनळी नव्हे. तेव्हा हा हिशेब अंदाजाचाच.)

व्यायाम थांबला, तरी रुंदावलेल्या वाहिन्या लगेच पूर्ववत होत नाहीत. म्हणून पुढचे काही तास दाब नेहमीपेक्षा थोडा खालीच असतो. आणि हे रोज घडत राहिले तर? वेगाने वाहणारे रक्त वाहिनीच्या आतल्या अस्तराला घासत जाते. त्यामुळे अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडते आणि भिंतीचे स्नायू सैल पडतात. या वायूच्या शोधाला १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नियमित व्यायामाने अस्तराची ही शक्ती सुधारते. शिवाय वाहिन्या आवळून धरण्याचा मज्जातंतूंचा हुकूमही सौम्य होतो.

दाब सौम्य वाढलेल्यांत यामुळे वरचा आकडा साधारण ५ ते ८ मिलिमीटर उतरतो. ‘एवढाच?’ असे म्हणू नका. १४० मधून ८ म्हणजे जवळजवळ ६ टक्के. चौथ्या घाताच्या हिशेबाने त्यासाठी त्रिज्या फक्त दीड टक्का वाढली तरी भागते. वहीत करून पाहा!

व्यायाम कोणता, तर चालणे, सायकल, पोहणे. ज्यात मोठे स्नायू तालात आकुंचन-प्रसरण पावतात आणि प्राणवायू सतत लागतो असा. श्वास रोखून जड वजन उचलताना ताठरलेले स्नायू वाहिन्या चेपून टाकतात आणि दाब एकदम चढतो; दाबाच्या माणसाने ते टाळावे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. चालू असलेल्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. चालताना छातीत दुखले, तर थांबून लगेच डॉक्टरांना गाठायचे. चालणे काही आठवडे सुटले, तर उतरलेला दाब पुन्हा चढू लागतो.

आणि घरी कुणाचा दाब मोजायचा असेल, तर जिना चढून आल्या आल्या मोजू नका. पाच मिनिटे शांत बसवा, पाठ टेकलेली, हात हृदयाच्या पातळीवर, आणि मग पट्टा बांधा.